लाल पागोट्याचा पाहुणा

तानुबाई देशभर ‘कंजूष आजी’ म्हणून गाजत होती आणि बिचारीला त्याची गंधवार्ताही नव्हती. ती सोनगीरला आपल्या ओट्यावर बसून चवळीच्या शेंगा सोलत होती आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून जेवलास का म्हणून विचारत होती.

तिच्या मुलाला, ज्ञानेश्वरला, ही बातमी धुळ्यात कळली. सकाळी तो एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा आणि दुपारपासून देवपुरातल्या भाड्याच्या खोलीत गेम बनवायचा. क्लासमधल्या एका मुलीने त्याला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सर, हे सोनगीरसारखं दिसतंय ना?’ व्हिडिओतला पोरगा हिंदीत धडाधडा बोलत होता. ‘तापीपार’ नावाच्या नव्या रोल-प्लेइंग गेममध्ये कुठे कुठे काय लपवलंय, ते तो दाखवत होता.

असा गेम ज्याने खेळला नसेल त्याने एवढंच ध्यानात घ्यावं, की त्यात आपण एक वाटसरू व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, कुणाचा हरवलेला बैल शोधून द्यायचा तर कुणाची खोडी काढायची. आणि हे गेम बनवणारी मंडळी मोठी खट्याळ असते. दुसऱ्या गेममधला एखादा नायक आपल्या गावातल्या चहाच्या टपरीवर गुपचूप बसवून देतात. जुन्या गेममधली तलवार विहिरीच्या तळाशी टाकतात. माहीत असलेल्याने ओळखावं आणि गालात हसावं, बाकीच्यांनी पुढे जावं. कुठे पाटी नाही, गाजावाजा नाही. ज्ञानेश्वर आणि त्याचा मित्र अर्पित कॉलेजात असताना यांना ‘लपवलेले पाहुणे’ म्हणायचे.

‘तापीपार’ अर्पितचाच होता. जळगावला त्याचं काचेचं ऑफिस होतं, हाताखाली माणसं होती, आणि ज्ञानेश्वरशी बोलणं कधीचंच बंद होतं.

व्हिडिओतला पोरगा सांगत होता, “एका मोडक्या बैलगाडीत लाल पागोटं सापडतं. ते डोक्याला बांधा आणि किल्ल्याकडे चला. नकाशावर नसलेलं गाव उघडतं. हा कुठल्या गेमचा संदर्भ आहे, आम्ही खूप शोधलं. कुणाला माहीत असेल तर सांगा.”

ज्ञानेश्वरने व्हिडिओ थांबवला. त्या लाल पागोट्याचा संदर्भ जगात दोघांनाच माहीत होता. शिरपूरच्या होस्टेलवर दोघांनी मिळून एक गेम सुरू केला होता, ‘पांझराकाठ’. त्याचा नायक भाईदास गाडीवान. त्याचं लाल पागोटं ज्ञानेश्वरने रंगवलं होतं आणि त्याच्या तोंडचे संवाद अर्पितने लिहिले होते. गेम काही पुरा झाला नाही, कुणी पाहिलाही नाही. पण दोघांनी तेव्हा ठरवलं होतं, की पुढे कुणीही, कुठेही, कसलाही गेम बनवला, तरी त्यात भाईदास पाहुणा म्हणून येऊन जाईल. आणि तो कुठे बसवलाय ते एकमेकांना सांगायचं नाही. ज्याचं त्याने हुडकून काढायचं.

तर तो आला होता. ज्ञानेश्वरला क्षणभर इतका आनंद झाला, की खुर्चीतून उठून तो खोलीभर फिरला. मग व्हिडिओ पुढे सरकला.

नकाशावर नसलेल्या त्या गावात एक म्हातारी ओट्यावर बसलेली होती. एक गुडघा उभा, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके. येईल त्याला म्हणत होती, “जेवाले बस भाऊ, मंग बोल.” हे वाक्य ज्ञानेश्वर जन्मापासून ऐकत आला होता. ती त्याची आई होती. डोळे, आवाजाची लकब, पदर खोचायची तऱ्हा, सगळं तिचं. पण गावात सण लागला, आणि लाल पागोट्याचा वाटसरू दारात गेला, तेव्हा ती म्हणाली, “आज नही भाऊ. हाऊ रोट घरना मानसेसले शे.” रोट घरच्या माणसांपुरताच, आणि दार लागलं.

“बघा, कंजूस दादी!” व्हिडिओतला पोरगा खिदळला. “सगळ्यांना भाकरी वाटते आणि हीरोला हाकलते!” खाली लोकांनी हसून हसून पार धुरळा उडवला होता. कुणी म्हातारीला चोरून दगड मारायची युक्ती विचारत होतं. कुणी तिचं चित्र कापून त्यावर ‘आज नही भाऊ’ लिहून फिरवत होतं.

ज्ञानेश्वरचं डोकं फिरलं. हा माणूस माझ्या आईने पोसला, आणि याने तिचं हसं केलं.

पोसला म्हणजे खरंच पोसला होता. अर्पित धुळ्याचा, पन्नालालशेठ कापडवाल्यांचा मुलगा. दुकानाच्या वरच घर, आणि त्या घरात कॉम्प्युटरवर चित्रं हलवत बसणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला मुलगा. म्हणून सुट्टी लागली की तो सोनगीर गाठायचा. तानुबाई त्याच्यासाठी कांदा-लसणाशिवायची भाजी वेगळी करायची, बटाट्याला हात लावायची नाही, आणि दिवस मावळायच्या आत त्याचं ताट मांडायची. तोंडाने सारखी कुरकुर करायची की या वाण्याच्या पोराने मला दोन स्वयंपाक करायला लावले, आणि तो गेला की दोन दिवस तिला घर खायला उठायचं. अर्पित तिला माय म्हणायचा. मग एकाएकी त्याचं येणं थांबलं. आधी काम होतं, मग जळगावला बस्तान बसलं, मग फोन वाजून थांबायला लागले. मोठा झाला, आपल्याला विसरला, एवढाच अर्थ ज्ञानेश्वरने लावला होता आणि त्याच्यावर पुष्कळ दिवस काढले होते.

त्याचा स्वतःचा गेम आता पुरा होत आला होता. ‘सराई’ त्याचं नाव. वाटेवरची एक सराई, तिथे वाटसरू उतरतात, गोष्टी सांगतात आणि पुढच्या मुलखाला जातात. त्या सराईच्या कोपऱ्यात त्यानेही ठरल्याप्रमाणे भाईदासला बसवलं होतं. इतकी वर्षं बोलणं नसूनही बसवलं होतं. व्हिडिओ पाहिल्यावर त्याने तो कोपरा उघडला आणि भाईदासला काढून टाकलं. रिकाम्या जागेवर एक मडकं ठेवलं. त्याने बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण मडकं पाहून त्याला आणखीच चीड आली.

अर्पितला फोन करून चार शब्द सुनवायचे, असं त्याने मनाशी पक्कं केलं. पण भांडायचं तर पुराव्यानिशी. म्हणून रविवारी त्याने ‘तापीपार’ घेतला आणि सकाळीच खेळायला बसला. मोडकी बैलगाडी शोधली, पागोटं बांधलं, किल्ल्याकडे निघाला. गाव उघडलं. निंबाचं झाड जागच्या जागी होतं, ओट्याचा एक कोपरा फुटका होता तोही होता. ज्ञानेश्वरला नाही म्हटलं तरी भरून आलं, आणि मग भरून आल्याचाच राग आला.

म्हातारी म्हणाली, “आज नही भाऊ.” दार लागलं.

व्हिडिओ इथे संपला होता. गेम संपला नव्हता. दार लागल्यावर भाईदास, म्हणजे लाल पागोट्यातला तो वाटसरू, वळला आणि आपणहून ओट्यावर बसला. ज्ञानेश्वरने बटणं दाबली. तो उठेना. पळवायला पाहिलं, काही केल्या हलेना. आतून बायकांच्या गाण्याचा आवाज यायला लागला, ताटं मांडल्याचा आवाज, कुणीतरी मोठ्याने हसलं. एक कुत्रं आलं, त्याच्याजवळ बसलं, मग तेही आत कुणीतरी टाकलेल्या हाकेसरशी उठून गेलं. ओट्यावरची सावली हळूहळू सरकत पायरीपर्यंत आली. कंटाळून लोकांनी इथे गेम बंद केला असणार, म्हणून तर कुणाच्या व्हिडिओत हे नव्हतं. ज्ञानेश्वर बसून राहिला. शेवटी भाईदास उठला, कपडे झटकले, आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाला, “मला भूक नव्हतीच.” आणि हायवेच्या दिशेने चालायला लागला.

हे वाक्यही ज्ञानेश्वरने ऐकलं होतं.

खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. त्या दिवशी भाऊबंद कुठे कुठे पांगलेले असोत, एका छपराखाली येतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाच्या मुठी मोजून घेतात, त्या दळून रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात, आणि ते रोट फक्त त्या कुळाने खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत, फेकायचे तर नाहीतच. गावात हे पोराठोरांना माहीत असतं, सांगावं लागत नाही. आणि सांगावं लागत नाही म्हणूनच त्या वर्षी अर्पितला कुणी सांगितलं नव्हतं. तो आठवडाभर सोनगीरलाच मुक्कामाला होता. सणाच्या दिवशी बाकीच्यांसोबत हातपाय धुऊन पंगतीला बसायला आला, आणि चुडामण नाना, म्हणजे ज्ञानेश्वरचे थोरले चुलते, म्हणाले, “याले रोट चालाव नही.” तानुबाई ताट हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, आज नही भाऊ. नानांनी उठून दार लोटलं. ज्ञानेश्वर आत बसून जेवला. त्याच्या मनात काही वावगं आलंच नाही, कारण त्याला ते वावगं वाटायचं काही कारणच नव्हतं. नंतर बाहेर आला तर अर्पित पिशवी खांद्याला लावून उभा होता. अरे, तुझ्यासाठी वेगळं करते की माय, असं ज्ञानेश्वर म्हणाला, तेव्हा अर्पित हसून म्हणाला होता, मला भूक नव्हतीच.

तो जो गेला तो गेलाच होता. आणि कारण कधी तोंडाने बोलला नाही. इतक्या वर्षांनी त्याने ते आपल्या गेममध्ये लपवून ठेवलं, अशा जागी, जिथे जगातला एकच माणूस शेवटपर्यंत बसून राहील.

ज्ञानेश्वरने फोन केला नाही. काय बोलणार होता? आमच्यात असंच असतं? ते अर्पितलाही आता ठाऊक असणार. ठाऊक असल्याने ओट्यावर बसलेलं मागे जात नाही.

तो दुपारच्या गाडीने सोनगीरला गेला. तानुबाई सूप घेऊन गहू पाखडत होती. त्याने गेममधला तो प्रसंग फोनवर उतरवून आणला होता. फोन तिच्यासमोर धरून त्याने तिला तिचं घर दाखवलं.

तिने डोळे बारीक केले. “हाई कोन शे? मी शे का?” आणि मग तिचं नेहमीचं सुरू झालं. लुगड्याचा काठ चुकलाय. नथ ती कधी रोज घालत नाही. “मनी चूल उगवतीले शे. यानी मावळतीले कशी दखाडी?” अर्पितने केलंय म्हटल्यावर मात्र तिने हात पदराला पुसले आणि फोन स्वतः धरला.

दार लागलेलं तिने पाहिलं. ओट्यावर बसलेला तो पाहिला. ज्ञानेश्वरला वाटलं आता तिला वाईट वाटेल, चित्र बंद करावं. ती म्हणाली, राहू दे. भाईदास उठून हायवेकडे गेला तोवर ती बघत राहिली.

“खरं शे,” ती म्हणाली. “मी त्याले रोट दिधा नही.”

“रिवाज आहे माय. तुझी काय चूक?”

तानुबाईने सूप बाजूला ठेवलं. ओसरीत कुणी नाही ते पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. “त्या दिन सकायमा गहू मोजतांना मी त्यानी बी मूठ लिधेल व्हती.”

अर्पितच्या नावाची मूठ? ज्ञानेश्वरला आधी कळलंच नाही.

“घरमा जेवस, घरमा झोपस, माले माय म्हनस. मंग मूठ कशी नही लेवानी? तुन्हा बापनी लिधी, तुनी लिधी, नानानी लिधी, मंग त्यानी लिधी. कोनले सांगं नही. वाटनं, पंगतमा बठी जाई, कोन इचारस! पन नानानी इचारं.”

“मग त्याच्या वाट्याचा रोट?”

“मीच खाधा. कानबाईना रोट फेकतस का?”

“आणि पुढच्या वर्षी?”

ती त्याच्याकडे असं बघायला लागली, की एवढं शिकून याला साधी गोष्ट कळत नाही. “पुढला साल बी लिधी. दर साल लेस. एकदाव मूठ लिधी तं मानूस जिता शे तठलोंग काढतस नही.”

म्हणजे इतकी वर्षं, अर्पितने सोनगीरचं नाव टाकलं असताना, त्याच्या नावाचे गहू या घरात मोजले जात होते, दळले जात होते, भाजले जात होते. आणि सगळ्यांची पानं उठल्यावर ही म्हातारी चुलीकडे तोंड करून त्याच्या वाट्याचा रोट खात होती. ज्ञानेश्वरने तिच्या हातातला फोन घेतला आणि अर्पितचं नाव शोधायला लागला.

तिने फोनवर हात ठेवला. “सांगजो नको. त्याले बी नही. कानबाईनी मूठ कोनले बोली दखाडतस नही. आनि चुडामण नानाले कळनं तं बठ्ठा भाऊबंद मना जीव खातीन.”

“माय, तो तिकडे जीव जाळत बसलाय!”

“मी बी कोठे नीट जेवनू?” ती चिडून म्हणाली. “सांगजो नको म्हंजे नको. मनी आन शे.”

आईची शपथ मोडायची ज्ञानेश्वरची छाती नव्हती. पण परतीच्या वाटेवर, कपाशीची शेतं मागे जात असताना, त्याला एक पळवाट दिसली, आणि ती दिसल्यावर तो बसमध्ये एकटाच हसला. तिने सांगू नको म्हटलं होतं. लपवू नको असं कुठे म्हटलं होतं?

खोलीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा ते मडकं उचललं. जुन्या प्रतीतून भाईदास परत आणला. पण त्याला सराईच्या कोपऱ्यात न बसवता बाहेर, ओट्यावर बसवलं, बोडक्या डोक्याने. आणि त्याचं लाल पागोटं आत, स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या खुंटीवर टांगलं. चूल उगवतीला केली, नाहीतर माय ऐकती ना. मग त्याने सणाचा एक दिवस रचला. त्या दिवशी स्वयंपाकघरातली म्हातारी गहू मोजायला बसते. एकेकाचं नाव घेत मुठी परातीत टाकते. सगळी नावं संपल्यावर ती जराशी थांबते, खुंटीकडे बघते, आणि नाव न घेता आणखी एक मूठ टाकते. खेळणाऱ्याने विचारलंच, ही कुणाची, तर म्हणते, “खानारा बाहेर बठेल शे.” आणि पंगती उठल्यावर कुणी स्वयंपाकघरात डोकावलं, तर ती पाठमोरी बसून तो रोट खाताना दिसते. बस, एवढंच. त्यापुढे काही घडत नाही, काही बक्षीस मिळत नाही.

‘सराई’ बाहेर पडला. धुळ्याच्या मानाने बरा चालला. लोकांनी त्यातलं कोडं सोडवलं, नदीतली मगर मारली, एकाने तर सराईच्या भिंती मोजून काढल्या. लपवलेल्या पाहुण्यांचे व्हिडिओही झाले. विहिरीतली तलवार सापडली, टपरीवरचा परका नायक सापडला. खुंटीवरच्या पागोट्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ज्ञानेश्वर रोज बघायचा. अर्पितला एक निरोप टाकावा असं रोज मनात यायचं आणि रोज तो हात आवरायचा, कारण पाहुणा कुठे बसवलाय ते सांगायचं नाही हा दोघांचा पहिला नियम होता आणि मायची शपथ हा दुसरा. शिवाय अर्पित आता ‘सराई’ खेळतच नसला तर? ज्याला ऑफिसात बोलायला माणसं ताटकळत उभी असतात, तो कशाला देवपुरातल्या खोलीत बनलेला गेम घेईल?

श्रावण आला. कानबाईच्या रविवारी सोनगीरचं घर भाऊबंदांनी गजबजलं. भडगावचे आले, सुरतेला गेलेले आले. तानुबाईने सकाळी गहू मोजले तेव्हा ज्ञानेश्वर मुद्दाम तिच्या शेजारी उभा राहिला. शेवटी तिने कुणाचंही नाव न घेता मूठ टाकली आणि त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा पंगतीची तयारी झाली. पाणी आणायला म्हणून ज्ञानेश्वर बाहेर आला, आणि तिथेच थबकला.

ओट्याच्या फुटक्या कोपऱ्यावर अर्पित बसला होता. अंगाने भरला होता, कानाजवळ केस पांढरे झाले होते. बूट काढून पायरीखाली नीट ठेवले होते. त्याने ज्ञानेश्वरकडे वर पाहिलं, पण उठला नाही.

“पागोटं आत टांगलंयस,” तो म्हणाला.

“सापडलं?”

“भाईदास बोडका बसलेला पाहिला, तेव्हाच कळलं, पागोटं कुठेतरी आत असणार. भिंत न भिंत धुंडाळली.” त्याने ओट्याच्या फुटक्या कडेवरून बोट फिरवलं. “ज्ञाना, एक विचारतो. ती शेवटची मूठ तू मनाने रचलीस की...”

“मी काही सांगितलेलं नाही,” ज्ञानेश्वर घाईघाईने म्हणाला. “मला सांगायची मनाई आहे.”

अर्पितने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पन्नालालशेठचा मुलगा, जळगावच्या काचेच्या ऑफिसचा मालक, सोनगीरच्या ओट्यावर ढसाढसा रडला, आणि ज्ञानेश्वर त्याच्याजवळ टेकून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

“लोक तिला हसतील असं वाटलं नव्हतं रे,” अर्पित थोड्या वेळाने म्हणाला. “मला वाटलं होतं, लोक ओट्यावर बसतील.”

“मी बसलो,” ज्ञानेश्वर म्हणाला. “उशिरा बसलो.”

इतक्यात दारात चुडामण नाना आले. आता ते फार वाकले होते, पण नजर तशीच होती. त्यांनी अर्पितला ओळखलं. “ये भो. बैस. खुशाल शे ना?” आणि मग जरा अडखळून, “पन रोटनं तुले माहीत शे.”

“माहीत आहे नाना. रोट नको. मी इथेच बरा.”

नाना आत गेले. पंगत बसली. ज्ञानेश्वरचा पाय निघेना, पण आतून हाक आली तसा तो गेला आणि दाराकडे तोंड करून बसला. घास गिळवत नव्हता. तेवढ्यात तानुबाई चुलीपासून उठली. तिच्या हातात ताटली होती आणि ताटलीत एकच रोट. सगळ्यांसमोरून ती दाराकडे चालत गेली. बायका गाता गाता थांबल्या. तिने उंबरा ओलांडला नाही. उंबऱ्याच्या आत, अगदी कडेला, ती गुडघा उभा करून बसली. पलीकडे, हातभर अंतरावर, ओट्यावर अर्पित.

“माय,” तो म्हणाला.

“वाळी गया,” ती त्याला निरखून म्हणाली. तो चांगला दुप्पट झाला होता. मग तिने ताटली जरा उचलून त्याला दाखवली. “दख. हाऊ तुना शे.”

तिने तुकडा मोडला आणि त्याच्यासमोर खायला लागली. तोंडात दात उरले नव्हते, त्यामुळे प्रत्येक घासाला वेळ लागत होता. अर्पित बघत होता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तो हसतही होता, आणि ती एकेक घास खात होती, त्याच्या नावाचा.

ज्ञानेश्वरला चुडामण नानांकडे बघायची हिंमत होईना. नाना वाटीतली खीर बोटाने निपटत होते. त्यांनी ती सगळी निपटली, वाटी खाली ठेवली.

“ज्ञाना,” ते म्हणाले, “दार लोटजो नको. हवा येऊ दे.”

ओट्यावरून अर्पितने विचारलं, “कसा झालाय, माय?”

तानुबाईने तोंडातला घास संपवला. “दर साल एकलीच खाऊ तं घास उतरे नही,” ती म्हणाली. “आज उतरना.”